नऊ श्लोकांचा फेरा

आमच्या घरी अश्व आला तो सायकलरिक्षात बसून. गोरखपूरचे एक व्यापारी होते, त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न काही केल्या जमत नव्हतं. पत्रिका पाहून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शुक्र बिघडला असल्याचं सांगितलं आणि त्याची शांत करायला हवी म्हणाले. शुक्राच्या दानांत पांढरा घोडा सांगितलेला आहे. काशीत घोडे कमी नाहीत, पण मंगलागौरीच्या आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. तिथे घोडा बांधायचा कुठे, त्याला चारापाणी कोण करणार आणि गल्लीतल्या बैलांशी त्याचं पटणार कसं, असे प्रश्न होते. व्यापाऱ्यांचं दुकान सायकलींचं. त्यांनी हात जोडून विचारलं, "गुरुजी, वाहन ही तो देना है न?" अण्णांनी पोथ्या चाळल्या. सांगितलेली वस्तू मिळत नसेल तर तिच्या गुणांची दुसरी चालते, असा आधार त्यांना सापडला, किंवा त्यांनी तो शोधून काढला. त्याप्रमाणे एका सकाळी पांढरीशुभ्र, जाड टायरांची, सरळ हँडलची, गिअरवाली सायकल खाकी कागदात गुंडाळून रिक्षातून गल्लीच्या तोंडाशी आली. दुकानातला नोकर तिला आजारी माणसासारखं दोन्ही हातांनी धरून बसला होता.

दान घेण्याचीही रीत असते. गाय घ्यायची ती शेपटीला धरून, हत्ती सोंडेला आणि घोडा कानाला. सायकलीचा कान कोणता यावर आमच्या घरात चर्चा झाली. माझा मोठा भाऊ दिनू म्हणाला, घंटी. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "घंटी गळ्यात असते रे, कानात नाही." शेवटी अण्णांनी हँडलची डावी मूठ हा कान ठरवला, ती धरून संकल्पाचं पाणी सोडलं आणि शुक्राचा घोडा आमचा झाला. पण एवढ्यावर भागत नाही. ज्याला दान दिलं त्याने ते वापरलं तरच देणाऱ्याला फळ, असं अण्णांचं मत होतं, आणि मताच्या बाबतीत ते स्वतःलाही सूट देत नसत. म्हणून सोवळ्याचं धोतर वर खोचून ते सीटवर बसले. दिनूने मागून धरलं, मी पुढून. ते पाय पायडलवर न ठेवता सरळ पुढे ताठ ठेवून देवघरातल्या मूर्तीसारखे बसले आणि आम्ही त्यांना शेजारच्यांच्या ओट्यापर्यंत ढकलत नेलं. तिथे बैल उभा होता. अण्णा उतरले, म्हणाले, "झालं," आणि पुन्हा कधी त्या सायकलीला हात लावला नाही. वापर चालू राहिला पाहिजे म्हणून ती दिनूकडे आली. घरात सगळे तिला अश्वच म्हणत. "अश्व जिन्याखाली लाव," "अश्वाची चेन उतरली," असं. पाहुणे दचकत.

आमच्या घराचं वेळापत्रक अण्णांच्या गळ्यावर चालायचं. दिवेलागणीला मंगलागौरीच्या देवळातली घंटा वाजायची, खाली पंचगंगा घाटावर कुणीतरी शंख फुंकायचं, वरच्या मजल्यावरची सून पाट्यावर काहीतरी वाटायला घ्यायची, आणि या सगळ्या आवाजांच्या मधोमध देवघरातून अण्णांचं देवीचं स्तोत्र सुरू व्हायचं. ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आमच्याकडे ते जेवणाआधी म्हटल्याशिवाय ताट मिळत नसे. अण्णांची गती ठरलेली. ताप असो, उपास असो, दारात यजमान ताटकळत असोत, त्यांचा एक श्लोक दुसऱ्यापेक्षा तसूभर लांब-आखूड व्हायचा नाही. तिसऱ्या श्लोकाला आई भाताखालचा गॅस बारीक करायची, सातव्याला आमटीला फोडणी द्यायची. गोडा मसाला पुण्याहून यायचा आणि तो संपत आला की आई फोडणीला हात आखडता घ्यायची, एवढाच काय तो बदल. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते मागे पडायचं, आणि ते मागे पडलं आहे हे आम्हाला स्तोत्रावरून कळायचं. आजूबाजूची मराठी घरंही तशीच होती. त्यामुळे श्लोक म्हणजे वेळ मोजायचं मापच, शेर-पायलीसारखं, आणि ते जगभर सारखंच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. तसं कुणी आम्हाला शिकवलं नव्हतं, पण कुणी हटकलंही नव्हतं.

त्या हिवाळ्यात दिनूला अश्वाचा नाद लागला. बँकेच्या मॅनेजरांचा मुलगा निखिल नागपूरहून नुकताच आला होता. त्याच्याकडेही गिअरवाली सायकल होती, निळी. गणपतीत आमची ओळख झाली तेव्हा दिनू त्याला म्हणाला होता, "अरे, जरा सरक न, प्रसाद बटतो आहे." निखिल पोट धरून हसला होता, आमची मराठी त्याला हिंदीच वाटायची. तिसरा लल्लन, आमच्या दूधवाल्याचा मुलगा, दिनूच्याच वयाचा. त्याची सायकल लोखंडी, बिनागिअरची, दुधाच्या कॅनने दोन्ही बाजूंनी घासून चांदीसारखी झालेली. हे तिघे राजघाटाच्या पुढे जायचे, जिथे वरुणा नदी गंगेला मिळते. तिथे आदिकेशवाच्या देवळामागे एक टेकाड आहे. टेकाडावर कडुलिंब. त्या झाडापासून शेळ्यांच्या वाटेने खाली घसरायचं, वरुणेच्या काठाने परवलाच्या वाफ्यांमधून जायचं, एका नाल्यावर टाकलेली फळी ओलांडायची आणि जुन्या नगरीच्या फुटक्या विटांच्या चढावरून पुन्हा कडुलिंबापाशी यायचं. याला ते फेरा म्हणत. पुरानंतरचा गाळ वाळून दगडासारखा झाला की वाट उत्तम व्हायची, आणि मग प्रश्न यायचा की कुणाचा फेरा लवकर झाला.

निखिलच्या मनगटावर आकड्यांचं घड्याळ होतं, बटण दाबलं की सेकंद मोजणारं. पण ते तो हातातच बांधून फेरा मारायचा आणि बटण स्वतःच दाबायचा. त्यामुळे दर वेळी तोच पहिला यायचा. दिनू म्हणाला, घड्याळ तुझं, बोट तुझं, मग आम्ही कशाला येतो? यावर भांडण झालं, आणि ते मिटायच्या आत निखिल फळीवरून नाल्यात पडला. घड्याळात पाणी जात नाही असं तो सांगायचा. वरुणेला ते कुणी सांगितलं नव्हतं. घड्याळ बंद पडलं, आणि त्याच दिवशी, चिखलाने माखलेले, तिघांनी ठरवलं की आता वेळ श्लोकांत मोजायची. बटण दाबता येत नाही असं ते एकच घड्याळ होतं.

म्हणणार कोण? दिनू ताटावर डोळा ठेवून स्तोत्र म्हणत आलेला, त्याचे श्लोक एकमेकांच्या पाठीवर चढायचे. निखिलला मधले दोन श्लोक यायचे नाहीत. लल्लनला स्तोत्र येतच नव्हतं, पण त्याचा त्यावर सगळ्यांत जास्त विश्वास होता. गुरुजींच्या घरची चीज, ती चुकेल कशी? तेव्हा मला नेण्यात आलं. मी इंटरला होते, अण्णांशेजारी बसून लहानपणापासून म्हणत आलेली, आणि गल्लीतल्या बायका म्हणायच्या, वृंदाचं म्हणणं अगदी बापासारखं. मी कडुलिंबाखाली विटांवर बसायची, दिनूने हात खाली केला की मनात सुरू करायची आणि चाक झाडापाशी आलं की आकडा सांगायची. जितके श्लोक कमी तितका फेरा भारी. ओठ हलवायचे नाहीत, हा पहिला नियम, कारण ओठ हलले तर बघणारा मोजतो आणि नंतर वाद घालतो. शिंकायचं नाही, हा दुसरा. मला सर्दी झाली तर तिघांची तोंडं उतरायची. लल्लन घरून लोट्यातून आल्याचा काढा आणायचा. श्लोकाच्या चौथ्या भागाला, चरणाला, फार किंमत आली. दिनूचा फेरा बारा श्लोकांचा, लल्लनचा त्या लोखंडावरही साडेअकराचा, आणि निखिलचा अकरा. गल्लीत, चहाच्या दुकानात, चूडा-मटर खाताना एकच बोलणं. "आज कै सिलोक?" लल्लन लांबून ओरडायचा. येणारे-जाणारे समजायचे, ही पोरं किती धार्मिक आहेत.

माझा मुलगा आता पुण्यात असतो आणि रविवारी सायकल घेऊन टेकड्यांवर जातो. घरी आला की आधी पाणीसुद्धा न पिता फोन बघतो. त्या चढावर आजवर कोण कोण चढलं आणि किती सेकंदांत, हे तो फोन सांगतो. ज्यांचं तोंडही पाहिलेलं नाही अशा माणसांच्या मागे आपण कितवे आहोत ते पाहून त्याचा रविवार चांगला किंवा वाईट जातो. एकदा मी त्याला आमच्या श्लोकांचं सांगितलं. तो म्हणाला, "आई, साधं कुणाचं तरी मनगटी घड्याळ का नाही वापरलंत?" वापरता आलं असतं. पण तोवर सगळ्यांचे चांगले फेरे श्लोकांत झालेले होते, आणि मिनिटांत मोजायचं म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायचं. निखिल अकरावर बसला होता, त्याला ते कसं परवडणार? मापं बदलायला पहिला आलेला कधीच तयार नसतो, हे मी पुढे नोकरीतही पाहिलं.

आता माझं. महिनाभर विटांवर बसून बसून मला तो फेरा डोळे मिटून दिसायला लागला होता. कुठे घसरतं, कुठे ब्रेक सोडायचा, फळीवर चाक कसं मधोमध ठेवायचं. अण्णांच्या पूजेची फुलं आणायला पहाटे मी जायची, ती अश्व घेऊन जायला लागले. आईने विचारलं तेव्हा मी म्हटलं, वापर व्हायला हवा न. आई म्हणाली, "वापर कर, पण फुलं चुरगाळलेली आली तर देवी मला विचारील." मच्छोदरीपर्यंत फुलांचं निमित्त पुरायचं, पुढे राजघाटापर्यंत माझं मी. ओढणी कमरेला बांधायची आणि फेरा मारायचा. पहिल्या दिवशी परवलाच्या वाफ्यात गेले. नंतर जमलं. खाली उतरताना पोटात जे काही व्हायचं ते मला त्याआधी कधी झालं नव्हतं. मला ते फार आवडलं, आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं. हळूहळू मला वाटायला लागलं की मी चांगली चालवते. नंतर वाटलं, निखिलपेक्षा चांगली चालवते. मग मला आकडा हवा झाला. नुसती हौस म्हणून नव्हे. चौघांत बोलणं चालायचं ते आकड्यांतच, आणि मला आकडा नव्हता म्हणून माझ्या बोलण्याला वजन नव्हतं.

मी स्वतः म्हणत फेरा मारून पाहिला. झाडापाशी आले तेव्हा आठवा श्लोक चालू होता. मी आनंदाने खाली बसले, आणि बसल्यावर कळलं की विटांच्या चढावर मला एवढी धाप लागली होती की दम आणि देवी दोन्ही एकदम घेता येत नव्हते. स्तोत्र तिथे थांबलंच होतं. म्हणजे जेवढं जास्त थकावं तेवढा फेरा चांगला. असा विक्रम मी नुसती धापा टाकत घरी बसूनही केला असता.

शेवटी एका रविवारी मी तिघांना सांगितलं, माझापण फेरा मोजा. निखिल म्हणाला, "तू चालवतेस?" दिनू म्हणाला, "अगं, घड्याळ कधी फेरा मारतं का?" ते सगळ्यांना फार आवडलं, दिनूला जास्तच. तरी लल्लनने माझी बाजू घेतली, "मारे दा, का हरज हव?" दिनू म्हणायला बसला. मी जीव तोडून चालवली. झाडापाशी आले तर दिनू शांतपणे म्हणाला, "सतरा." त्याने मुद्दाम केलं नव्हतं. त्याला तशीच सवय होती, भूक लागल्यासारखं म्हणायची. पण पुढचे कितीतरी दिवस मी गल्लीत सतरा श्लोकांची होते. निखिल मला म्हणायचा, "सतरा, जरा पाणी दे ना." मला रडू यायचं आणि रडले तर दुसऱ्या दिवशी नाक चोंदून घड्याळ बिघडेल याचीही काळजी असायची. ते मेले माझ्याच आकड्यांवर उड्या मारत होते.

हे असंच चालू राहिलं असतं, पण एका सकाळी लल्लन दूध घालायला आला आणि त्याला राहवलं नाही. अण्णा ओट्यावर ऊन खात बसले होते. लल्लन पातेल्यात दूध ओतता ओतता म्हणाला, "गुरुजी, काल हम एगारह सिलोक में फेरा मार देहलीं! आपके आसिरबाद से." अण्णांनी विचारलं, कसला फेरा, कसले श्लोक. लल्लनने सगळं सांगितलं, अगदी भक्तिभावाने. स्तोत्र कोणतं तेही सांगितलं. आतून आईच्या हातातला झारा आपटल्याचा आवाज आला. दिनू जिन्याखाली अश्वाच्या मागे जाऊन उभा राहिला, जसं काही तो तिथे दिसणारच नव्हता.

अण्णांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता फुलं आणणं बंद, सायकल बंद, आणि देवीला सायकलच्या चाकाखाली घातलं म्हणून प्रायश्चित्त वेगळं. अण्णा म्हणाले, "म्हण." मी विचारलं, काय? "तिथे म्हणतेस तसं. मोठ्याने." मी म्हणायला लागले. ते डोळे मिटून बसले होते, मांडीवर बोट हलत होतं. लल्लन रिकामा कॅन धरून उभा. अकरावा झाल्यावर अण्णांनी हात वर केला.

"सहाव्यानंतर पळतेस," ते म्हणाले.

"जी?" मला कळेना. घाबरले की मी अण्णांशी हिंदीत बोलायची.

"सहाव्यानंतर पळतेस. इतके दिवस पळते आहेस आणि लोकांना माप देते आहेस. देवीला सायकलचं काही नाही. तिच्याकडे वाघ आहे. पण घाई तिला चालत नाही." मग म्हणाले, "आणि तुझा किती?"

हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "सतरा. दिनूने मोजला."

"दिनूने!" अण्णा म्हणाले. जिन्याखाली अश्वाची घंटी चुकून वाजली. "त्याला जेवणाची घाई. अश्व कुणाला दिलेला आहे?"

"तुम्हाला."

"मग त्याचं काय चाललं आहे ते मलाच पाहायला हवं. परवा सुटीच आहे."

अण्णा रिक्षातून आले. बरोबर आसन, पंचा आणि पाण्याचा तांब्या. टेकाडावर निखिलने "काका, या ना" म्हणत त्यांच्यासाठी विटा रचल्या, त्यांनी त्यावर आसन घातलं आणि पूर्वेला तोंड करून बसले. त्यामुळे वाट त्यांच्या पाठीमागे आली. दिनूने हळूच सुचवलं की अण्णा, इकडे तोंड केलं तर फेरा दिसेल. अण्णा म्हणाले, "मला फेरा बघायचा नाही. स्तोत्र म्हणायचं आहे. ती आली की सांगा." मी ओढणी बांधली. मला हरायची भीती वाटत नव्हती. सतरापेक्षा खाली जायला जागा नव्हती. भीती एवढीच होती की अण्णा एवढ्या लांब आलेत आणि मी वाफ्यात जाऊन पडेन. दिनूने हात खाली केला.

तो फेरा मला आजही पूर्ण आठवतो. शेळ्यांच्या वाटेवर मी ब्रेकला बोटसुद्धा लावलं नाही. काठावर एक म्हातारा परवलाच्या वेलींना पाणी घालत होता, तो "अरे बिटिया!" म्हणून बाजूला झाला. फळी वाजली, मी पलीकडे होते. विटांच्या चढावर गिअर खाली घेतला तो नेमका बसला, करकर न करता. वरून अण्णांचा आवाज येत होता. ते मोठ्याने म्हणत होते, दिवेलागणीला म्हणतात तसंच, एकेका शब्दाला त्याची पूर्ण जागा देत, आणि मी खालून पायडलांवर उभी राहून त्या आवाजाकडे चढत होते. शब्द कळत होते, पण कितवा श्लोक ते कळत नव्हतं. मला मोजायचं नव्हतं त्या दिवशी, आणि तो आराम फार मोठा होता.

"आली!" लल्लन ओरडला. अण्णांनी चालू चरण पुरा केला, मग डोळे उघडले.

"नऊ," ते म्हणाले.

खाली वरुणेवर धोबी कपडे आपटत होता. निखिल बोटांवर काहीतरी मोजत होता. दिनूच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं की त्याला काय कळलं आहे, कारण तेच मलाही कळलं होतं. अण्णांचा एक श्लोक म्हणजे आमचा सव्वा तरी होता. गल्लीतलं माप जगभर सारखं नव्हतं. ते एका घरातसुद्धा सारखं नव्हतं.

निखिलने धीर केला. "काका, तुमची म्हणायची गती जरा..."

"जरा काय?"

"काही नाही," निखिल म्हणाला. काशीत वेदशास्त्राच्या लोकांनीही अण्णांना जे सांगितलं नव्हतं ते बँकेच्या मॅनेजरांचा मुलगा कसा सांगणार? पण मुलगा हुशार होता. तो म्हणाला, "मग काका, माझाही एक फेरा तुम्हीच मोजा ना. म्हणजे सगळं सारखं होईल."

हे अगदी बरोबर होतं. मलाही तेच हवं होतं. मला जिंकायचं होतं, पण मागाहून कुणी हसणार नाही असं. मी म्हटलं, "हो अण्णा, निखिलचाही मोजा."

अण्णा उठले. आसन झटकून घडी केलं. "त्याचा मोजलेला आहे न?"

"पण माझ्या गतीने!" मी म्हटलं.

"तुझी गती मीच शिकवली आहे," अण्णा म्हणाले, आणि पंचा खांद्यावर टाकून रिक्षाकडे चालू लागले. परवाच ओट्यावर, सहाव्यानंतर पळतेस, म्हणाले होते, ते त्यांच्या लक्षात नव्हतं की होतं, हे त्यांच्या पाठीवरून कळण्यासारखं नव्हतं. रिक्षावाल्याशी मात्र त्यांनी भाड्यावरून नेहमीइतकीच घासाघीस केली.

त्या दिवसानंतर मी नऊ श्लोकांची झाले आणि त्याला कुणी हात लावू शकलं नाही. निखिल चिडायचा, पण चारचौघांत नऊच म्हणायचा. लल्लनने तर आकडा घाटापर्यंत नेला. आणि मी? मला आनंद झाला होता आणि रागही आला होता, दोन्ही इतके एकत्र की एकाला हाक मारली की दुसरा ओ द्यायचा. खरा आकडा काय होता? दिवेलागणीला अण्णा म्हणायला लागले की मी स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता मनात माझं जुनं माप चालू करायची, अण्णांचा नववा संपतो तेव्हा मी कुठे असते ते बघायला. कधी माझा अकरावा नेमका एका शब्दाने उरायचा, म्हणजे मी निखिलच्या पुढे. कधी बाराव्याचा पहिला शब्द तोंडात यायचा, म्हणजे मागे. आमच्या दोघांत कुणीतरी डगमगत होतं, आणि अण्णा डगमगत नाहीत हे घरात ठरलेलं होतं. शिवाय, सहाव्यानंतर पळतेस, हे एकदा कानांवर पडल्यावर मला पूर्वीसारखं पळताही येईना. माप मोडलं होतं. आई एकदा म्हणाली, "मटार सोलतेस की जप करतेस? भांड्यात सालं पडताहेत."

निखिलच्या वडिलांची बदली झाली आणि तो होळीनंतर गेला. जाताना त्याने मला निळ्या सायकलची घंटी दिली आणि म्हणाला, "मोठी झालीस की सांग, खरं काय होतं ते." तो माझ्याहून एका वर्षानेच मोठा होता. मी म्हटलं, "नऊ." दुसरं काय म्हणणार?

गुढीपाडव्याला गोरखपूरचे व्यापारी आले. मुलाचं लग्न ठरलं होतं. मिठाईचे मोठाले डबे घेऊन ते ओट्यावरच अण्णांच्या पाया पडले. वर खिडकीला गुढी होती, तिच्या जरीच्या खणाकडे ते जरा वेळ कौतुकाने पाहत राहिले. मी आत श्रीखंडासाठी चक्का फडक्यातून घासत होते. कडेला वेलदोड्यांची सालं आणि केशराची वाटी. दार उघडं होतं म्हणून बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, सगळं अश्वाचं फळ, गुरुजी. मग जरा घुटमळून, व्यापाऱ्याला साजेशा काळजीने, त्यांनी विचारलं, "अश्व काम में तो आता है न? रखा तो नहीं रहता?"

माझा हात थांबला. अण्णा आता दिनूचं नाव सांगतील असं मला वाटलं. फार तर म्हणतील, मुलं वापरतात. अण्णांनी आमच्यापैकी कुणाचं कधी तोंडावर किंवा माघारी कौतुक केलेलं मी ऐकलं नव्हतं. पाठशाळेत पहिल्या आलेल्या दिनूलाही त्यांनी, उच्चार बघ, एवढंच सांगितलं होतं.

"आता है," अण्णा म्हणाले. "हमारी कन्या नौ श्लोक में फेरा लगाती है."

व्यापाऱ्यांना यातलं काय कळलं देव जाणे. सायकली विकण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण असा हिशेब त्यांनी नक्कीच कधी ऐकला नव्हता. तरी त्यांनी हात जोडले. मग कुतूहलाने म्हणाले, "वाह! और बाकी लोग कितने में लगाते हैं, गुरुजी?"

आत आईनेही पळी खाली ठेवली.

"बाकियों का पता नहीं," अण्णा म्हणाले. "हमने तो एक ही का नापा है."